मागून येणारा सूर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढच्या आजी लॅपटॉप छातीशी धरून दुकानदाराशी बोलत उभ्या होत्या.

"नव्या प्रोसेसरचा घेतला, तर व्हिडिओ कॉलवर आवाज वेळेत येईल का हो?"

"अडकणं कमी होईल, आजी. चित्रही सुधारेल. पण थोडा उशीर राहणारच, आवाज लांबून येतो ना."

"मग काय उपयोग! रोज आम्ही दोघी बहिणी एकत्र गातो. माझं कडवं संपतं, तरी धाकटीचं आपलं चालूच!"

"त्या तुमचं ऐकून गातात?"

"हो. सुरुवात माझीच. थोरली ना मी!"

"मग त्यांना दोघींचे सूर जुळलेलेच ऐकू येत असणार. उशीर फक्त तुमच्याकडे."

"अगंबाई! म्हणून रोज म्हणते, 'ताई, काय छान जमलं!' आणि मी तिला ओरडते, ताल सोडू नकोस म्हणून."

"मग, नवा दाखवू?"

"राहू दे. धाकटीकडे जुळतंय ना, मग झालं तर."