आज्ज्याचं तोंड

भालकीच्या बसस्थानकावर खटकचिंचोळीची गाडी लागेना. मागच्या बाकावर रेणू तिच्या आज्जीला समजावत होती.

"आज्जी, आपला वारलेला आज्जा माझ्या लग्नात उजेडाचा होऊन उभा राहणाराय. होलोग्राम म्हंतेत. आमची कंपनी करायलीय."

"टीव्हीत?"

"न्हाई, मांडवात. मागं गेलं की पाठबी दिसंल."

"पाठ नगं. जन्मभर तीच बघितली. मी बोलाया लागले की फिरायचेच."

"आता तर बोलंलबी. आपण लिहून दिलं तेच."

"असं? मग लिही, 'कोंडाबाई, तुझंच खरं होतं.'"

"कशाबद्दल?"

"ते मोघमच ऱ्हाऊ दे. आन् मी कुठंबी बसले तरी त्यांचं तोंड माझ्याकडंच पायजे."

"तसलं यंत्र आजून निघालं न्हाई, आज्जी."

"मग लग्नाची घाई कामून करायलीस?"