कार्दीचा उलटा दस्ता

तातांग : हात फिरवून बघा ना उवा. आरसा झालाय आरसा.

एंकोस : दिसतंय. माझं थोबाडही दिसतंय त्यात. ते मला घरच्या आरशात रोज दिसतं, बंदुकीच्या दस्त्यात कशाला बघू?

तातांग : स्प्रेचे थर दिलेत, एकावर एक. आमच्या शिकार मंडळात सगळ्यांचे दस्ते असेच असतात.

एंकोस : खारींची सोय झाली. ऊन पडलं की माडाच्या शेंड्यावरूनच त्यांना कळत असेल, मंडळ आलं म्हणून.

इमास : उवा, कॉफी घ्या. गूळ वेगळा ठेवलाय. आणि हा वास कसला ओसरीवर? स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतायत माझे.

(जावा बेटाच्या पश्चिमेला, सुमेदांगच्या वाटेवर, छऱ्याच्या बंदुका बनवणारं गाव. एका घरात नळ्या घासतात, दुसऱ्यात पंप बसवतात, तिसऱ्यात लाकूड तासतात. लाकूड तासणारा कार्दी जाऊन दोन पावसाळे झाले. त्याच्या ओसरीवर आता त्याचा थोरला भाऊ एंकोस बसलाय, नळ्या करणारा, ज्याला सगळे उवा म्हणजे थोरले काका म्हणतात. समोर कार्दीचा जावई तातांग. मांडीवर सासऱ्याची बंदूक आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट. कार्दीची मुलगी इमास, जी नवऱ्याला कांग म्हणते, बहिणीचं बाळंतपण आटोपून सकाळीच घरी परतली आहे, आणि त्याच्या मांडीवर काय आहे ते तिने अजून नीट पाहिलेलं नाही.)

तातांग : तुझ्यासाठी गंमत होती. बघ, ओळखू येते का.

इमास : ही आबांची बंदूक?

तातांग : नाही ना ओळखू येत?

इमास : नाही येत, कांग. म्हणून तर विचारतेय.

तातांग : सगळे खड्डे, ओरखडे गेले. जाड काचपेपर घेतला, मग बारीक.

एंकोस : आणि आडवा मारला. शिसवीच्या रेषा उभ्या, तुझा हात आडवा. खड्डा पडला तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री दाबायची, लाकूड आपोआप फुगून वर येतं. मी लोखंडातला माणूस, लाकडाला मी फार मोजत नाही, पण एवढं मलाही ठाऊक आहे. तू खड्डा तसाच ठेवलास आणि भोवतालचं लाकूड खाली आणलंस. गालाला फोड आला म्हणून माणूस बाकीचा गाल सुजवतो का?

तातांग : फोनवर बघून केलंय उवा. अमेरिकेतला माणूस होता.

एंकोस : मग दस्ताही तिकडूनच मागवायचा होता.

इमास : केमिरीचं तेल लावायचे आबा. बिया भाजून, कुटून, फडक्यात पिळून. बोटांनी चोळायचे, महिना महिना. हाताला ऊब लागायची त्या दस्त्याची. आता हात लावला तर निसटतोय, ताज्या माशासारखा.

तातांग : तेल काय, जुन्या लोकांचं. आणि ऐक तर, सगळ्यात मोठं काम सांगितलंच नाही. ती चूकसुद्धा काढली मी.

इमास : कुठली चूक?

तातांग : गालाचा उंचवटा गं. आबांनी तो उजव्या अंगाला ठेवला होता. बंदूक लावायची उजव्या खांद्याला, गाल टेकणार डावीकडून. उजवीकडे उंचवटा ठेवून करायचं काय, त्यावर कॉफीचा पेला ठेवायचा? कानस मारून सपाट केला. दोन दुपारी गेल्या.

एंकोस : मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला. असा शिसवीचा ठोकळा या गावात पुन्हा आला नाही, आणि याने त्याचं हे करून ठेवलं. म्हटलं, कार्दी, तासताना डोकं कुठे होतं? तर म्हणाला, झालं खरं उलटं दादा, आता कोण घेणार हे, राहू दे घरातच. गावभर उलटा कार्दी नाव पडलं. गिऱ्हाइकं यायची तीसुद्धा म्हणायची, आबा, करा दस्ता, पण आमचा सुलटा करा हं. आणि हा त्यांच्याबरोबर हसायचा. मला तर लाज वाटायची. एवढा हात असलेला माणूस, आणि डावं-उजवं कळू नये.

इमास : तुम्ही पण हसायचात, उवा.

एंकोस : मी का सोडू? भाऊ झाला म्हणून काय चूक चूक नाही?

तातांग : तेच. मी म्हटलं, उद्या हादियातसाहेबांपुढे ठेवायची तर सुधारूनच ठेवू.

इमास : कुणापुढे ठेवायची?

तातांग : आमच्या शिकार मंडळाचे अध्यक्ष. उद्या सकाळी येतायत. तुला सांगणारच होतो. ते म्हणाले, तातांग, तुझ्या सासऱ्याच्या घरातली बंदूक मला दे, मी तुला हवेच्या टाकीची देतो. नवी. परदेशी नळी. एकदा हवा भरली की दिवसभर बघायला नको. ही पंपाची म्हणजे प्रत्येक छऱ्याला दांडा ओढा, दाबा, ओढा, दाबा. दंड भरून येतात. उवांना बोलावलंय ते साक्षीला, की दस्ता आबांच्याच हातचा आहे.

इमास : म्हणजे ठरवून झालं.

तातांग : शिकारीला टाकीचीच लागते गं. जोर बघ तिचा.

एंकोस : जोर कशासाठी हवाय तुला? रानडुक्कर मारणार आहेस? आपल्याकडे माडाच्या झावळीत बसलेली खार मारायची असते. तुझ्या टाकीचा छर्रा खारीतून जाईल, मग नारळातून जाईल, मग शेजाऱ्याच्या कौलातून जाईल. खारीने पोखरलेला नारळ आणि मंडळाने पोखरलेला नारळ, व्यापारी दोन्ही टोपलीबाहेरच टाकतो. पंपाचं बरं असतं. बुटका माड, थोडे दट्टे. उंच माड, जास्त दट्टे. जेवढी भूक तेवढा भात.

तातांग : तुमची नळी तिच्यात आहे म्हणून बोलताय तुम्ही.

एंकोस : आहेच. आणि त्या बंदुकीत तेवढं एकच सरळ होतं.

इमास : कांग, मंडळात गेल्यापासून घरात काय काय आलं ते मी बघतेय. बूट आले. पानाफुलांच्या छापाची टोपी आली. दुर्बीण आली. तुमचे फोटो आले, भिंतीवर जागा उरली नाही. खार मात्र एकच आली, तीही शेजारच्या मांजराने आणली, आणि तिच्यावर पाय ठेवून तुम्ही फोटो काढलात.

तातांग : आपल्या बागेत खारी आहेत कुठे मारायला? सगळ्या गावाचे नारळ फुटतात, आपल्या माडावर एक खार टिकत नाही. मंडळात विचारतात मला, काय करता तुम्ही?

इमास : आणि तुम्ही काय सांगता?

तातांग : सांगतो काहीतरी.

इमास : सांगा ना. उवांनाही ऐकू दे.

तातांग : म्हणतो, नजर ठेवावी लागते.

एंकोस : चांगलं सांगतोस. दिवसभर दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची आणि नजर बागेवर. तसं कार्दी होता तेव्हाही या बागेत खार टिकत नव्हती. दस्ता उलटा, पण नेम पक्का होता त्याचा.

इमास : आबांना मोतीबिंदू होता, उवा. शेवटची कित्येक वर्षं ताटातला मासा बोटांनी चाचपून खायचे. तुम्ही समोर बसून जेवलायत. त्यांना शेंड्यावरची खार दिसत होती?

एंकोस : मग कोण मारायचं?

इमास : मी बहिणीकडे होते एवढे दिवस. कांग, उठा. त्या पुढच्या माडाखाली काय पडलंय ते बघून या.

तातांग : इथूनच दिसतंय की. नारळ आहेत. कोवळे. भोकं पडलेले. हे कधी झालं?

इमास : तुम्ही नजर ठेवली होती तेव्हा.

एंकोस : इमास. तू?

इमास : दुपारी. हे दुकानात, गाव झोपलेलं.

एंकोस : उगाच काहीतरी. त्या दस्त्यावर गाल टेकतच नाही. मी स्वतः लावून पाहिलाय, तो उंचवटा येतो बाहेरच्या अंगाला.

इमास : तुम्ही उजव्या खांद्याला लावून पाहिलात.

एंकोस : मग काय डाव्या?

इमास : उवा, नळी सरळ आहे की नाही ते तुम्ही एक डोळा मिटून बघता आणि केसाएवढा बाक पकडता. तुमच्या भावाने केस पांढरे होईपर्यंत एकच वाकडा दस्ता केला, तो का केला, एवढं बघायला तो डोळा कधी वळला नाही.

एंकोस : थांब. वहिनी, तुझी अंबू, तुझा हात बांधायची. जेवताना. पदराच्या कापडाने, पाठीमागे.

इमास : अंबूचं बरोबरच होतं तिच्या परीने. डाव्या हाताने कुणाला काही दिलं की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी उजव्याने जेवायला शिकले, वाढायला शिकले, लिहायलाही शिकले. नेम तेवढा शिकता आला नाही. उजव्या खांद्याला लावली की छर्रा ढगात. आबांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पावसाळा संपता संपता हा दस्ता झाला. मला म्हणाले, ताटावर उजवा, माडाखाली डावा. घरात कळू द्यायचं नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन, माझी चूक झाली.

एंकोस : हसायचा तो आमच्याबरोबर.

इमास : तुमच्यापेक्षा जोरात.

तातांग : मला का नाही सांगितलंस?

इमास : मागणी घालायला आलात तेव्हा तुमच्या आईने माझ्या स्वयंपाकाचं विचारलं नाही. पहिला प्रश्न, मुलगी डावरी नाही ना, पाहुण्यांपुढे शोभत नाही. अंबू म्हणाली, छे. तुम्ही पेला घेतलात माझ्या उजव्या हातून आणि खाली मान घातलीत. त्यानंतर तुम्ही विचारलं कधी? तुमच्या दुर्बिणीतून डोंगरापलीकडचा माड दिसतो. घरातली बाई फार जवळ असते, ती त्यात मावत नाही.

तातांग : पण मी शब्द दिलाय. हादियातसाहेब उद्या येणार.

इमास : येऊ देत. आजवर कुणाला सांगितलं नाही ते मी आता सांगितलं ना? उद्या त्यांनाही सांगेन, आणि पेलाही डाव्या हातानेच देईन. बंदूक जाणार नाही.

एंकोस : नेणारच नाही तो. जावईबुवा, तुला कळलं का तू काय केलंस? त्या हादियातकडे कार्दीचे दस्ते भिंतभर टांगलेत. सुलटे. त्याला हवा होता तो उलटा. गावात एकच होता. जिच्यासाठी तो टाकी द्यायला निघाला, तीच गोष्ट तू दोन दुपारी बसून कानशीने भुसा करून टाकलीस.

तातांग : मला वाटलं, सुधारतोय.

इमास : तुमच्या कानशीने माझी बंदूक वाचली, कांग. तिच्यावर माझा गाल टेकायला जागा तेवढी राहिली नाही.

एंकोस : दे इकडे. किती खाल्लंय बघू. फार खोल नाही गेलास, आळशी असण्याचाही उपयोग होतो कधीकधी. वरून तुकडा बसवता येईल.

इमास : कसला बसवणार? ती शिसव कुठे मिळते आता?

एंकोस : माझ्या ऐरणीखाली आहे. त्याच झाडाचा ठोकळा. कार्दीनेच आणून दिला होता, म्हणाला, दादा, हा उरलाय, तुझ्याकडे असू दे, लागला तर मागेन. मी म्हटलं, लाकडाचं मी काय करू? ऐरणीखाली सरकवला आणि इतकी वर्षं त्यावर लोखंड ठोकतोय. त्याने काही मागितला नाही.

इमास : फुटला नाही?

एंकोस : शिसव आहे ती. मी तासणार मात्र नाही, लाकडावर माझा हात चालत नाही. तू तासायचास, जावईबुवा. उभ्या रेषेने. मी समोर बसून शिव्या देईन. आणि हा आरसा आधी खरवडायचा, सगळा.

तातांग : बरं.

एंकोस : आणि तो अमेरिकेतला बंद.

तातांग : बरं म्हटलं ना. इमास, वर बघ. पुढच्याच माडावर. शेपटी हलतेय.

एंकोस : दिसली मलाही. इमास, घे.

इमास : गाल टेकणार नाही, उवा.

एंकोस : माझा रुमाल घे, घडी घालून ठेव तिथे. आज त्यावर भागव. मला बघायचंय. इतकी वर्षं हसलोय, एकदा बघू तरी दे.

तातांग : पंप मी मारतो. दट्टे किती?

इमास : तो उंच माड आहे. मी पुरे म्हणेपर्यंत मारा. हळू, आवाज नको. अजून. अजून थोडे. पुरे.

तातांग : दंड भरून आला.

एंकोस : शिकारी ना तू? छर्रा दे तिला, खार पळून जाईल.

तातांग : घे.

इमास : द्या ना मग. मूठ का मिटलीत?

तातांग : उजवा हात नको, इमास. दुसरा पुढे कर.