मितेशचं मानपत्र

तानाजीकाका : बस, पंखा लावतो. मला फक्त एवढंच सांग, तू परत का फिरलास?

मितेश : काका, तुम्ही पण ना. लिहून टाका काहीतरी, 'जिवाची पर्वा न करता' वगैरे. उद्या संध्याकाळी सत्कार आहे आणि तुम्ही अजून एका प्रश्नावर अडकलाय.

तानाजीकाका : ते लिहिलंय. आजवर अकरा मानपत्रांत लिहिलंय. पोस्टात असताना एका साहेबांना निरोप दिला, त्यांच्याही मानपत्रात लिहिलं होतं.

मितेश : त्यांनी काय केलेलं?

तानाजीकाका : बदली करून घेतली होती.

मितेश : मग मला पण चालेल की तेच.

तानाजीकाका : तुझ्याबाबतीत ते खरं असावं असं वाटतं, म्हणून विचारतोय. शनिवारी दुपारी खाली मीटरच्या खोलीत आग लागली. जिन्यात धूर भरला. तू चौथ्या मजल्यावरून उतरून अंगणात आला होतास, मी पाहिलं तुला. म्हणजे सुटला होतास. मग पुन्हा वर गेलास आणि तिसऱ्या मजल्यावरून रंभाआजींना पाठीवर घेऊन आलास. तर मधल्या त्या एका मिनिटात काय झालं?

मितेश : व्हिडिओ बघा ना. साडेचार लाख लोकांनी बघितलाय.

तानाजीकाका : मी नऊ वेळा पाहिला. तो सुरूच होतो तू आजींना घेऊन बाहेर येतोस तिथे. वर जातानाचा कुठे आहे?

मितेश : वर जाताना कोण शूट करणार? तुम्ही स्टेशनबाहेरचा फ्लेक्स बघितला? 'ठाकुर्लीचा वाघ'. फोटो चुलतभावाच्या हळदीतला टाकलाय, गॉगलवाला. आई रोज तिकडूनच भाजी आणायला जाते. घरात भाजी असली तरी जाते.

तानाजीकाका : मग चांगलं आहे की.

मितेश : कसलं चांगलं. तुम्हाला एवढं का पडलंय पण?

तानाजीकाका : सांगू? मी लहानपणापासून शूर माणसांची चरित्रं वाचत आलोय. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. आणि शनिवारी नाकाला रुमाल लावून घरातून निघालो. रंभाबाईंचं दार माझ्या दाराला लागून. त्यांना ऐकू कमी येतं, हे मला ठाऊक. मी थांबलो नाही. आठवलंच नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. आठवलं होतं. पाय चालत राहिले. म्हणून ज्याचे पाय वळले त्याला विचारतोय.

मितेश : काका, मी पण त्याच दारावरून आलेलो.

तानाजीकाका : हो, जिना तिथूनच...

मितेश : तसं नाही. मी दाराकडे बघितलेलं. आत टीव्ही चालू होता, मोठ्या आवाजात. म्हटलं, मागून माणसं येतायत, आणेल कोणीतरी.

तानाजीकाका : मग खाली आल्यावर?

मितेश : हे लिहायचं नाही हां.

तानाजीकाका : हे बघ, पेन खाली ठेवलं.

मितेश : खाली सगळे मोबाईल काढून उभे. मंजुळाताई तेवढी पोळीभाजीच्या गाळ्यातून तशीच बाहेर आलेली, हाताला पीठ. काहीतरी पुटपुटत होती. चव्हाणांच्या सहा, आले. तानाजीकाकांच्या तीन, आले. मला वाटलं, घाबरून काहीपण बोलतेय. मग म्हणाली, दोन पोळ्या कमी आहेत.

तानाजीकाका : पोळ्या?

मितेश : ती माणसं मोजत होती. दुपारी कोणाकडे किती पोळ्या जातात ते पाठ आहे ना तिला. दोन म्हणजे रंभाआजी. कोणाला काही बोलली नाही, पदर ओला केला आणि निघाली वर. ऑपरेशन झालेला गुडघा तिचा. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर. मला लाज वाटली, काका. बस. तिला ओलांडून धावलो. याला शौर्य म्हणतात का?

तानाजीकाका : माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण लाजेनं गेलास तरी धूर तोच होता.

मितेश : ती पण आहे व्हिडिओत, माहितीये? कोपऱ्यात, भिंतीला धरून खोकतेय. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय, याने दोघींना वाचवलं.

(मंजुळाबाई काकांचा डबा घेऊन दारात येतात.)

मंजुळा : काका, तीन पोळ्या आणि वांगं. हा वाघ इथे काय करतोय?

मितेश : ताई, तू पण?

तानाजीकाका : मंजुळाबाई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही वर का निघालात?

मंजुळा : आजी खाली नव्हती.

तानाजीकाका : ते झालं. पण मनात काय आलं?

मंजुळा : हेच. आजी खाली नाही. अजून काय यायला पाहिजे होतं?

तानाजीकाका : नाही, म्हणजे, पुस्तकांत बरंच काही येतं.

मंजुळा : नंतर आलं ना. पाच-सहा पायऱ्या चढले आणि कळलं, आपल्याच्यानं होत नाही. तेवढ्यात हा पुढे गेला. बरं वाटलं.

मितेश : काका, हिचं नाव टाका.

मंजुळा : मला नको बाबा. संध्याकाळी साठ डबे असतात. आणि आजीला तू आणलंस, मी कुठे?

मितेश : तू निघाली नसतीस तर मी गेलोच नसतो.

तानाजीकाका : मग जसं झालं तसं लिहू? नीट विचार कर हं. मानपत्र माईकवर वाचतात. मितेश आधी त्या दारावरून निघून आला, हेही वाचलं जाईल. समोर तुझी आई असेल.

मितेश : लोक हसतील.

तानाजीकाका : काही जण हसतील.

मितेश : आणि तुमचं?

तानाजीकाका : माझं तुझ्या आधी. 'त्या दारावरून पहिल्यांदा हे मानपत्र लिहिणारा गेला.' ते घातल्याशिवाय तुझ्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. आणि मंजुळाबाई, तुमची हरकत असली तरी पोळ्या घालाव्याच लागतील, नाहीतर गोष्टीचा अर्थच लागत नाही.

मंजुळा : घाला. पण वांग्याचं लिहू नका, शनिवारी करपलेलं.

मितेश : लिहा, काका. आईला मी आजच सांगतो. माईकवरून कळायला नको.

तानाजीकाका : आणि 'जिवाची पर्वा न करता' ठेवू?

मितेश : काढा. मला पर्वा होती.

मंजुळा : तुमचं ठरलं असेल तर एक सांगते. लिफ्ट बंद आहे अजून. उद्या आजीला खाली कोण आणणार?

मितेश : मी आणतो की.

मंजुळा : तू पाहुण्यांजवळ असशील, शाल पांघरून. सकाळी डबा द्यायला गेले तर विचारत होती, मला बोलावलंय का गं? मी पत्रिका बघितली. त्यात तिचं नाव नाही.

तानाजीकाका : मी यादी केली होती. मीच विसरलो. डबा इथे ठेवा, मंजुळाबाई. मी आधी त्यांचं दार वाजवून येतो.