पडणारा दात

नाही हो, दात माझा नाही, माझे तर रात्री वाटीत असतात — नातीचा. सहा वर्षांची आहे, आत खुर्चीत बसलीये, सूनबाई हात धरून उभी. मी म्हणालो होतो, दुधाची दाढ, कधी ना कधी पडणारच, तिच्यात मसाला कशाला भरायचा? पाडायच्या घराला कोणी रंग देतं का? तर डॉक्टरीणबाईंनी मलाच धारेवर धरलं — आजोबा, ही दाढ अजून चार-पाच वर्षं टिकायला हवी, कीड मुळाशी गेली तर खालच्या पक्क्या दाताची वाट लागेल. आता समोरचा माणूस हातात टोकदार हत्यार घेऊन बोलायला लागला की आपण काय, मान डोलावतो. मागच्या सोमवारी तर पोरीनं तोंडच उघडलं नाही, आणि उघडलं ते बाईंचं बोट चावायला — कडकडून. सूनबाई शरमेनं अर्धी झाली. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर सटकलो, हसू आवरेना. माझ्यावर गेलीये.

किडली कशानं? आता पोरं म्हटल्यावर गोळ्या खायचीच. घरात? छे, सूनबाई साखरेचा डबासुद्धा माळ्यावर ठेवते. मग कुठून म्हणजे — शाळेतून आणताना एखादी. बरं, दोन. आणि दात घासून झाल्यावर एक, ती नुसती चघळायला. असं बघू नका. मुलगा-सून दिवसभर कामावर, माझ्याशी बोलतंय कोण? गोळी दिली की मांडीवर येऊन बसते, वर्गातलं सगळं सांगते. तेवढंच.

महिनाभर दुखत होतं म्हणे तिला. एकाच बाजूनं चावायची, कुणाला बोलली नाही. काल विचारलं, अगं, मला तरी सांगायचंस. तर म्हणते कशी, "आई तुला ओरडली असती ना, आजोबा." म्हणजे पोर गालात ठणका दाबून बसलीये, आणि मी रोज तिच्या हातावर गोळी ठेवतोय, वर विचारतोय, आज गप्प का गं — 

तुम्ही जरा गप्प बसता का? आतलं ऐकू द्या. मशीन थांबलं. सूनबाई विचारतेय, कोण देतं तुला गोळ्या, बाईंना सांग... नाही. बोलत नाही. तोंड मिटून घेतलं असणार परत. अशानं दाढ अर्धीच राहील.

सरका हो. पाय घ्या आत. सूनबाई, दार उघड — तिला नको विचारूस.