दहाच्या दहा

—कुलूप तू काढलंस ते दिसलं मला जाळीतून, पर आतली कडी नाय निघायची. ती मी घातलीय. सुनंनं, सत्यशीलानं, शेजारच्या दमयंतीबाईकडं किल्ली ठिवली आन् जुन्या वस्तू इकत घेणाऱ्या तुला सांगितलं, जा, म्हातारी गेम काढून देईल — व्हय ना? तिचं बी बराबर हाये, नातू राम पुण्याला नोकरीला गेला, आता तो जुना टीव्हीचा गेम खेळतंय कोण. पर बाबा, गेम बिघडलाय. चालतच नाय. बटण दाबलं का गोळा डाव्या अंगाला पळतो — काय? बंद हाये तर गोळा पळतो कसा? बरं, ऐक. खेळते मी. रोज.

रामनं शिकवलं, बोलिंग म्हणायचा त्याला. लांब लाकडी वाट, तेल लावल्यागत चकाकती, पार टोकाला दहा बाटल्या. गोळा आधी नुसता घसरतो, मग शेवटाला वळतो — अगदी खऱ्यावाणी, राम म्हणायचा. खरा मी कुठं बघितलाय. तो मधल्या बाटलीवर नेम धरायचा, आन् कोपऱ्यातल्या दोन तशाच उभ्या. म्हणलं, लेकरा, कळप वळवायला मेंढीला दगड मारत्यात व्हय? तिच्या बाजूला मारायचा. मारला — दहाच्या दहा आडव्या. बघतच राहिला.

वैजापूरकडं चाळीस मेंढरं व्हती आमची. दोन साल पाऊस नाय, टँकरचं पाणी माणसालाच पुरंना. रोज सकाळी मोजायचे, रोज एखादं कमी. उरली ती माझ्या लेकानं, बिरूनं, इकली आन् मला इथं आणलं, औरंगाबादेत, चौथ्या मजल्यावर. उन्हाळ्यात खालून कुणाचा तरी कळप चालला व्हता — उतरले, गेले मागं मागं. तिसऱ्या दिवशी पैठण रोडला सापडले म्हणं. तवापासून कुलूप. बिरूनं तरी कंपनीतली नोकरी सोडून किती हुडकायचं मला?

आन् खरं सांगू, बाटल्या पाडायचं मला काय कौतिक नाय. पाडल्या का समद्या झाडून नेतंय, आन् वरून परत दहा उभ्या करतंय. मी मोजते. दहाच असत्यात. एक बी कमी नाय.

व्हय, ठाव हाये, कडी काढली तर जिना मोकळा हाये. पर तू गेम नेशील, आन् मी रस्त्यावर उतरून कुणाच्या मागं जाऊ? सुनंला सांग, म्हातारी झोपली व्हती, दार उघडलं नाय. जा आता. आन् कुलूप लावून जा — किल्ली दोनदा फिरव, एकदा फिरवून लागत नाय ते.