पोपटी, फुंकणी आणि माझा खोकला

...नाय, तुम्हीच सांगा, माझा खोकला चाळीस वर्षांचा जुना, मिठागरावर बिड्या ओढून कमावलेला, तो काय काल बाजारातून आणलाय? पण घरात ताप शिरला की बोट कुणाकडे? खोकतो कोण? मी!

तुम्हाला सांगतो, रविवारी रोह्याला नात ऋतुजाच्या पोराचं बारसं. माझा पणतू हो! म्हटलं, एकदा मांडीवर घेऊ. त्याआधी बुधवारी आम्ही पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा भरल्या, भांबुर्डीचा पाला कोंबला, पण मडक्याभोवती रचलेला पेंढा दवाने ओला, जाळ काय धरेना! मग आली फुंकणी. आमचा पोरगा धनेश, कंपनीतून शिफ्ट करून शिंकतच आलेला, त्याने फुंकली, मग सून वैशालीने, मग माझ्या बायकोने, हौसाने... एकच फुंकणी, ह्या तोंडातून त्या तोंडात! मी हात पुढे केला तर वैशाली ओरडली, "बाबा, तुम्ही नको! बारशाला जायचंय, सगळ्यांना खोकला लावाल!"

बसलो लांब. शेंगासुद्धा गार झालेल्या मिळाल्या.

शुक्रवारी तिघंही आडवी, आणि माझं ताट पडवीत! पन्नास वर्षांचा संसार, तरी हौसा आतून कण्हते, "तुम्हीच आणलात हे!" का? तर खोकतो कोण? मी!

शनिवारी आरोग्य केंद्राची आशाताई, नमिता, तपासायला आली. नाकात काडी घातली, टाळूला टेकली असेल, मग पट्टीवर थेंब टाकले. मला अक्षर येत नाय, पण रेघा मोजता येतात. धनेशच्या दोन. वैशालीच्या दोन. हौसाच्या दोन. माझी? एक!

"आजोबा, तुम्हाला काय नाय," नमिता म्हणाली. फुंकणीचं ऐकून तर तिने कपाळच धरलं.

मी लगेच धुतलेलं धोतर काढलं... चला रोह्याला!

"बसा खाली! घरात तीन पेशंट, तुमची दुसरी रेघ उद्या उमटेल. तान्ह्या पोराजवळ जाता?" नमिताने दटावलं.

बसलो. काय करणार? पेज रांधली, तीन ताटल्या दाराशी ठेवल्या. वैशाली मान खाली घालून म्हणाली, "बाबा, चुकलंच आमचं." म्हटलं, "पी गो आधी, गार होईल."

रविवारी बारसं फोनवर. पाळणा दिसला, पोराने डोळे उघडले, सरळ माझ्याकडेच बघितलं हो! भरून आलं, हाक मारायला तोंड उघडलं... आणि लागला ठसका! तिकडे ऋतुजाच्या सासूबाईंनी झटकन पोराच्या तोंडावर पदर टाकला न् फोन बंद!

आता फोनातून रोह्यापर्यंत रोग जातो व्हय? पण बोलायचं कुणाला? खोकतो कोण? मीच की!