शेळीचं शेवटचं पान

सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी, पालक मंडळी, समोर सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या मुलामुलींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ग्रंथपाल बाई, म्हणजे मुलांच्या डिंकबाई,

मी खेळाचा शिक्षक. एरवी माझं भाषण म्हणजे शिट्टी. बाईंनी हट्ट धरला म्हणून आज हा माइक माझ्या हातात आला, नाहीतर कुणा शहाण्यानं दिला नसता. चार गोड वाक्यं पाठ करून आलो होतो, पण ती काही आता तोंडातून निघत नाहीत. कारण मला राग आलाय. निरोपाच्या कार्यक्रमात रागावू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी आलाय.

सकाळी अध्यक्ष साहेबांनी नव्या ग्रंथालयाची फीत कापली. काचेची कपाटं, आत एका मापाची, एका रंगाची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तकं. सामान्यज्ञान, सुविचार, यशस्वी कसे व्हावे. दिसायला झकास, अगदी औषधाच्या दुकानासारखं! बाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून समितीनं सुट्टीत गुपचूप हे सगळं केलं. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. आणि धक्का बसला, साहेब. बाई कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आणि आमची शेळी?” तुम्ही हसून म्हणालात, “कुठली शेळी, बाई? आता सगळं नवंकोरं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण जुनी पुस्तकं कुठे गेली हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांना शेळीचं काय ते कळलं नसेल. सांगतो. कळपातून चुकलेल्या एका शेळीची गोष्ट आहे. तिचं शेवटचं पान केव्हाच हरवलं. दुसऱ्या कुणी ते पुस्तक रद्दीत टाकलं असतं. बाईंनी नेहमीसारखा डिंक काढून तिथे कोरा कागद चिकटवला आणि मुलांना सांगितलं, शेवट तुम्ही लिहा. अट एकच. आधी अख्खी गोष्ट वाचायची, मग आधीच्या मुलांनी लिहिलेले शेवट वाचायचे, आणि मगच आपला लिहायचा. झालं! पुस्तक फुगत गेलं. कुणी शेळीला घरी आणलं, कुणी तिला डोंगराची मालकीण केलं. एका मुलीचे आजोबा नुकतेच गेले होते. तिनं लिहिलं, शेळी परत आलीच नाही, पण कळप रोज तिची झोपायची जागा मोकळी ठेवतो. मी म्हटलं, “बाई, एवढ्याशा पोरीला असं लिहू द्यायचं?” तर म्हणाल्या, “सर, तिला जे कळलंय ते तिनं लिहिलं. खोडणारी मी कोण?”

आता माझ्या घरचं सांगतो. माझी धाकटी तिथे पुढेच बसली आहे आणि डोळे वटारून बघते आहे. वटार. तिला अक्षरं लागायची नाहीत. धडा उघडला की पोटात दुखायचं. आम्ही रागावलो, लाडीगोडी केली, शिकवणी लावली, काही म्हणून उपयोग झाला नाही. मग तिला शेळीचा शेवट लिहायची खुमखुमी आली. आणि वाचल्याशिवाय बाई लिहू देईनात! पोरगी जिन्यात बसून ओळीखाली बोट ठेवत, अडखळत, चिडत वाचायची. कुणी मदतीला गेलं की अंगावर धावून यायची. पण वाचलं, सगळं वाचलं. आणि स्वतःच्या हातानं शेवट लिहिला. मी म्हटलं, दाखव की. तर म्हणते, “बाबा, नियम म्हणजे नियम. आधी पुस्तक वाचा.” म्हणून सुट्टी लागायच्या आधी मी बाईंकडे नंबर लावला. हसा, हसा! हा एवढा माणूस मुलांच्या रांगेत उभा होता.

आणि आज चटया काढायला खेळाच्या खोलीत गेलो, तर तिथे गोण्या. शिपाईदादा म्हणाले, “फाटकी पुस्तकं आहेत, सर. भंगारवाला येतोच आहे.”

फाटकी? अहो, वाचून फाटली ती! लहान मुलांची पुस्तकं म्हणजे आपल्याला वाटतं काय? वाचनाची पहिली पायरी आहे ती! आधी पायरी काढून घ्यायची आणि मग मुलं वर चढत नाहीत म्हणून सभांमधून गळे काढायचे! सुविचार वाचून एखादं मूल पोट धरून हसल्याचं पाहिलंय कुणी? वर कपाटाला कुलूप, का तर पुस्तकं खराब होतील. मी फुटबॉल कुलपात ठेवून संघ तयार करू का, साहेब?

सूत्रसंचालिका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, “आवरा.” आवरतो.

बाई, समितीनं तुम्हाला घड्याळ दिलं. माझ्याकडून ही खेळाच्या खोलीची किल्ली घ्या. गोण्या आत आहेत. भंगारवाल्याला मी फाटकावरूनच परत पाठवलं, काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. उद्यापासून तुम्ही इथल्या नोकर नाही, तेव्हा तुम्हाला नियम दाखवायची कुणाची टाप नाही. या, बसा, डिंक मी आणतो.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझ्या तापट डोक्याचं, मोठ्या मनानं सोडून द्या. गोण्या भरल्याबद्दल मात्र माझ्याकडे कुणी दिलगिरी व्यक्त करू नये. ती सतरंजीवर बसलेल्यांकडे करावी.

आणि बाई, शेळी सापडली की आधी मला द्या. माझा नंबर आहे.